दुपारचं दळण

अण्णा,

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. उजव्या. डॉक्टर तरुण आहे, बोलायला गोड आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाला, आजी, दुपारी जेवल्यावर पडून राहायचं, शांत संगीत ऐकायचं, दुखणं कमी वाटतं आणि झोपही छान लागते. सुनेने लगेच मोबाईलवर काहीतरी लावून माझ्या उशाशी ठेवलं. बासरी वाजते, मधूनच पाणी पडल्यासारखा आवाज येतो आणि मला उगाच नळ चालू राहिल्याची काळजी लागते. पण ती बिचारी प्रेमाने करते, म्हणून मी डोळे मिटून पडते. डोळे मिटले की तुम्ही दिसता. ओसरीत बाजेवर, भिंतीकडे तोंड करून, कमरेखाली गोधडीची घडी. म्हणून म्हटलं, इतक्या वर्षांनी तुम्हालाही कळवावं. डॉक्टरला शिकून समजलेली गोष्ट तुम्हाला न शिकता समजली होती. तुमच्याकडे मोबाईल नव्हता, एवढंच. तुमच्याकडे माय होती.

हे पत्र तुमच्या हातात पडलं असतं तरी तुम्हाला वाचता आलं नसतं. तुमची शाळा उर्दूतली. निजाम गेला, गावातल्या पाट्या मराठी झाल्या, तेव्हा बाजारातून जाताना तुम्ही मला त्या वाचायला लावायचात आणि वर मलाच दटावायचात, नीट वाचायलीस का म्हणून. घरी पत्र आलं की मी वाचून दाखवायची. मामाच्या पत्रात तुमच्याबद्दल काही वेडंवाकडं असलं की मी ते गाळून पुढे जायची. तुमचा माझ्या वाचण्यावर फार विश्वास होता. आज काही गाळणार नाही.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली मानवतच्या जिनिंगमध्ये गाडी भरताना कापसाची गठाण घसरली आणि तुमच्या कमरेवर आली. तुम्ही तिथे मुकादम होता, मागे उभं राहून हुकूम द्यायचात, पण एक माणूस कमी पडला म्हणून स्वतः हात लावायला गेलात. तुमचं दुखणं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. हकिमाचं तेल झालं, परभणीच्या दवाखान्यातल्या सुया झाल्या, कुणी सांगितलं म्हणून गरम विटांचा शेक झाला. तुम्ही तोंडात पंचाचा बोळा धरायचात आणि तो पंचा धुताना मला त्यावर दातांच्या खुणा दिसायच्या. मालक चांगले, त्यांनी काढून टाकलं नाही, वजनकाट्यावर बसवलं. सकाळी टेकत टेकत जायचं, दुपारी जेवायला घरी यायचं आणि मग बाजेवर पडायचं. पण झोप नाही. सगळी दुपार तुमचं कण्हणं घरभर फिरायचं आणि आम्ही दोघी पायांचा आवाज न करता त्याच्या भोवतीने कामं करायचो.

माय दळायची पहाटे, सगळ्याच बाया दळायच्या. एकदा पाहुणे आल्यामुळे पीठ संपलं आणि तिला भर दुपारी जात्यावर बसावं लागलं. तुमची बाज आणि जातं यांच्यात एक उंबरा. ती घाबरतच बसली, की आता तुम्ही ओरडणार. हात फिरायला लागला आणि तोंड आपोआप सुरू झालं, ओवी कुणी ठरवून म्हणत नाही. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की ओसरीतलं कण्हणं थांबलं आहे. तिने जातं थांबवून कानोसा घेतला, आणि तुम्ही लगेच हललात. तिने पुन्हा सुरू केलं. त्या दिवशी तुम्ही चहापर्यंत झोपलात. उठल्यावर म्हणालात, "लय बरं वाटलं. उद्यापासून दुपारीच दळत जा." आणि खरं सांगायचं तर माय खूश झाली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तिच्या आवाजाबद्दल तुम्ही पहिल्यांदा काही बोलला होता. तिने त्या संध्याकाळी केसांना तेल लावलं.

म्हणजे सुरुवात चांगली झाली होती, अण्णा. मला तेच जास्त लागतं.

मग आपल्या गल्लीच्या तोंडाला गिरणी आली. इंजिनवरची, छपरातून धूर काढणारी. पहिल्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या बाया डोक्यावर टोपली घेऊन ओळीने उभ्या, लग्नघरी असतात तशा हसत. मायही गेली. गरम पिठाची टोपली घेऊन आली, मला त्यात हात घालायला लावला आणि म्हणाली, बघ, भाकर भाजायच्या आधीच ऊन. त्या दुपारी ती आडवी झाली. माझ्या जन्मात मी मायीला दिवसा निजलेली पहिल्यांदाच पाहिली. तोंड उघडं, हात मोकळे टाकलेले. तुम्ही आलात, ताटावर बसलात, एक घास तोंडात घातला आणि ताट सरकवलं. गिरणीचं पीठ जळकं लागतं म्हणालात. त्याला चव नसते, अंगाला लागत नाही, कमरेची कळ त्यानेच वाढली. गल्लीतले सगळे पुरुष तेच पीठ खाऊन नांगर धरत होते, हमाली करत होते. तुम्ही स्वतः जिनिंगवर दुसऱ्यांच्या डब्यातली भाकर खायचात तीही गिरणीचीच असायची, हे मला पुढे कळलं. पिठाचं काहीच नव्हतं. तुम्हाला जातं हवं होतं.

गल्लीतल्या जात्यांवर एकेक करून टोपल्या, घागरी ठेवल्या गेल्या. फक्त आपलं चालू. बाया गिरणीवर जाता जाता दारात थांबायच्या आणि चिडवायच्या, काय गं, अजून कुणाची हळद दळायलीस? माय हसण्यावारी न्यायची. आपण तीन माणसं. तीन माणसांचं दळण ते किती, अर्ध्या दुपारीत संपायचं, आणि जात्याची घरघर थांबली की बाजेवरून तुमचा आवाज यायचा, "का थांबलीस?" ती म्हणायची, दाणे सरले. रिकामं जातं फिरवणं अशुभ, ते तुम्हीही मानायचात. तर तुम्ही तोड काढलीत. कोंडा घाल म्हणालात. चाळणीत उरलेला कोंडा, जो म्हशीपुढे टाकायचा, तो माय मूठमूठ जात्यात घालायला लागली. दळलेला कोंडा पुन्हा चाळून पुन्हा दळायचा. त्यातून काही निघत नव्हतं आणि काही निघावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. तुमची झोप होईपर्यंत ती कोंडा दळायची.

वर्षा-दोन वर्षांत तिचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. चोळीची बाही चढवताना ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि मी मागून ओढायची. तुमचं तेल तिने कधी लावलं नाही, ते तुमचं होतं. तिने एकदाच, तुम्ही चांगल्या मूडमध्ये असताना, खांद्याबद्दल सांगून पाहिलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी मानवतच्या सुताराकडून जात्याला नवा खुंटा करून आणलात. सागवानी, गुळगुळीत, वर लाल-हिरवा रंग. पाथरवटाकडून जात्याला टाकी लावून घेतलीत, म्हणजे ते हलकं फिरावं. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. कुणाचा नवरा असं काही आणतो का, म्हणाल्या. मायीने खुंट्याला हळदीकुंकू लावलं आणि जात्यावर बसली. तुम्ही तिला दिलेली एवढी एकच भेट मला आठवते.

शेवटी तिचा हात उचलेचना, तेव्हा तुम्ही मला शाळेतून काढलंत. मी चौथीत होते. शाळा सुटायची संध्याकाळी आणि तुमची कंबर दुखायची दुपारी, म्हणजे शाळेचीच चूक. मी म्हटलं, मी दळते आणि मीच ओव्याही म्हणते, मायीला निजू द्या. तुम्ही मला दोन ओळी म्हणायला लावलंत आणि म्हणालात, "तुझ्या गळ्यात काय न्हाई. तू वढ, ती म्हनंल." मग आम्ही दोघी जात्याला समोरासमोर बसायला लागलो. खुंटा मी ओढायची. माय डावा हात नुसता वर ठेवायची, कारण खुंट्याला हात लागल्याशिवाय तिला ओवी सुचत नव्हती.

तिथे बसून मी पहिल्यांदा तिचे शब्द ऐकले. लांबून ती ओवी म्हणजे नुसता सूर होता, कधी भावाचं नाव, कधी माहेरची वाट. आता ती माझ्या तोंडासमोर होती. ती म्हणत होती,

दळण सरलं बाई, आता कोंडा मी दळिते
एकाच्या झोपेपायी माझा खांदा मी जाळिते.

माझा हात थांबला. तिने डोळ्यांनी दटावलं, ओढ. आणि त्याच गोड चालीत पुढची सुरू केली,

चौघांच्या खांद्यावर जवा राजसा जाशील
तवा माझ्या खांद्याला तू इसावा देशील.

कपाळभर कुंकू लावलेली बाई, नवरा पाच हातांवर झोपलेला, आणि ती त्याला तिरडीवर घालत होती, ते पण राजसा म्हणून. तुम्ही उठाल आणि तिला मारून टाकाल असं मला वाटलं. तुम्ही घोरत होता. दळण झाल्यावर मी तिला विचारलं, तर म्हणाली, "जात्यावर म्हनलेलं कुणी मोजत न्हाई. माझी सासू समोर बसायची, मी तिला बी म्हनायची." हा बायकांचा जुनाच रिवाज होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. जात्यापुढे जे निघेल ते निघेल, पिठाबरोबर संपलं.

आणि मग, अण्णा, आमच्या दुपारी मजेत जायला लागल्या. हे तुम्हाला कळावं म्हणूनच मुख्यतः लिहिते आहे. आम्ही तुम्हाला रोज नव्या तऱ्हेने मारलं. कधी विहिरीत ढकललं, कधी जिनिंगच्या गठाणीत घालून मुंबईला पाठवलं. मी ओळ सुचवायची, ती चालीत बसवायची. हसू दाबताना तिचा खांदा दुखायचा आणि ती आणखी हसायची. तुम्ही उठून म्हणायचात, "आज लय झ्याक म्हनलीस," आणि आम्ही दोघी खाली बघून पीठ गोळा करायचो. माझी शाळा गेली त्याचं दुःख मला होतं, पण एवढा मोठा माणूस बाजेवर उताणा पडून स्वतःच्या मयताच्या ओव्यांवर झोपतो आहे आणि त्याला पत्ता नाही, याने मला आतून थंड वाटायचं.

पाऊस सरता सरता मायीला ताप आला. साधाच वाटला. काढा दिला, उतरला नाही. पहिल्या दुपारी ती अंथरुणावरूनच म्हणाली थोडंसं, मी एकटी जातं ओढत होते. तुम्ही म्हणालात, सूर लागत नाही, लांबून येतो. दुसऱ्या दुपारी तुम्ही बाजेवरून उठलात. पाण्याचा तांब्या उचलला तरी कळ येते म्हणणारे तुम्ही, भिंत धरून आत आलात आणि तिच्या वाकळीचं टोक धरून ती वाकळ, तिच्यासकट, जात्यापर्यंत ओढत नेलीत. मी मध्ये आले तर मला ढकललंत. तिचा हात उचलून खुंट्यावर ठेवलात. बाजेवर जाऊन पडलात आणि म्हणालात, "म्हन आता."

मी जातं ओढायला लागले. तिचा हात खुंट्याबरोबर गोल फिरत होता, तापाने भाजत होता नुसता. ती माझ्याकडे बघत होती. तिने ओठ मिटले. तुम्ही पुन्हा म्हणालात, म्हन की. तुम्ही विनवलंत, मग शिव्या दिल्यात, मग पंचा तोंडात धरलात. ती दुपार सरेपर्यंत जातं ओवीविना फिरत राहिलं आणि तिने तोंड उघडलं नाही. सगळ्या संसारात तिने तुम्हाला दिलेला तेवढाच नकार. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. जात्याशेजारीच. तिला तिथून परत हलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सुतकात जातं फिरवत नाहीत, म्हणून तेवढे दिवस तुम्ही सोसलंत. भेटायला येणाऱ्यांना वाटलं, बायकोच्या दुःखाने तळमळतो आहे. तळमळत होता हे खरं. जिनिंगच्या मालकांना दया आली आणि त्यांनी आपला जुना फोनो पाठवून दिला, सोबत तबकड्या. मी चावी द्यायची, तुम्ही ऐकायचात. मोठमोठ्या बायांचे, बुवांचे आवाज. आठवडाभर ऐकून तुम्ही तो परत पाठवलात. म्हणालात, "ह्याला दमच लागत न्हाई." मला तेव्हा वाटलं, मायीची आठवण काढली.

तेरावं झाल्यावर तुम्ही मला जात्यावर बसवलंत. तुझ्याच्यानं जमंल तसं म्हण म्हणालात. मी ठरवूनच बसले होते. आता लपवायचं कुणासाठी? मी तीच ओवी घेतली, चौघांच्या खांद्याची, आणि एकेक शब्द सुटा करून, तुमच्याकडे तोंड करून, मोठ्यांदा म्हटली. ऐका, म्हटलं मनात, तुमची बायको तुमच्याबद्दल काय म्हणत होती ते एकदा धडधडीत ऐका. तुम्ही डोळे मिटूनच होता. ओवी संपली. तुम्ही म्हणालात,

"'राजसा'वर थांबायची ती. दम घ्यायची. मंग 'जाशील'. आन् दुसरी ओळ वर न्यायची न्हाई, खाली उतरायची."

माझ्या हातातून खुंटा सुटला. मी विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"कंबर मोडली व्हती माझी. कान न्हाई."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर गप झाली असती." तुम्ही कूस बदललीत, कळ आली. "शिव्या देऊ द्याव्या बाईला. हात चालत राहतो. म्हन परत, थांबून म्हन."

एवढंच. रागाने नाही, मुकादम हमालांबद्दल बोलतो तसं. म्हणजे विहीर, गठाण, तिरडी, सगळं तुम्ही ऐकलं होतं. आमचं हसूही ऐकलं असणार. आम्ही ज्याला चोरी समजत होतो ते तुम्ही रोज आम्हाला मोजून देत होता, बैलाला मध्येच पेंड टाकावी तसं. ती जळत होती, तिला दम लागत होता, आणि नेमक्या त्याच ठिकाणी तुम्हाला झोप लागत होती.

मी उठले. दुसऱ्या दिवसापासून ज्वारी गिरणीवर न्यायला लागले. तुम्ही जळकी भाकर खाल्लीत, दुसरं काय करणार होता? मी तुमचं सगळं केलं. तेल लावलं, शेक दिला, पंचे धुतले. गल्ली म्हणायची, पोरगी असावी तर अशी. ओवी मात्र म्हटली नाही. तुम्ही दर दुपारी मागायचात, आधी हुकमाने, मग "एक म्हन, बाळ" असं. आणि मी चौकटीत उभी राहून, अगदी नम्रपणे, सांगायची, "मला चाल येत न्हाई, अण्णा." तुमचं कण्हणं मी ऐकायची. ज्वारी निवडत बसायची आणि ऐकायची. मला फार बरं वाटायचं, आजही वाटतं, त्याची मला लाज नाही.

मग तुम्ही मला चाल शिकवायला लागलात. बाजेवर पडून, त्या घोगऱ्या आवाजात, एक बाप्या माणूस, बायकोने स्वतःच्या मरणावर रचलेली ओवी म्हणायचा. असं म्हणायचं, बघ. इथं थांबायचं. रोज, वर्षानुवर्षं. कधीकधी म्हणता म्हणता स्वतःच पेंगायचात. मी शिकले नाही. महाराष्ट्र झाला त्या साली तुम्ही गेलात आणि चौघांनी तुम्हाला उचललं तेव्हा मी खांदा देणाऱ्यांकडे बघत होते. इसावा मागणारी आधीच गेली होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. घडी करून गोळ्यांच्या डब्यात ठेवीन आणि एखाद्या दिवशी चुलीत, म्हणजे आता गॅसवर, धरीन. एवढंच लिहायचं राहिलं होतं की मायीचा आवाज मला आता आठवत नाही. खूप प्रयत्न करते. तिचे मिटलेले ओठ दिसतात, आवाज येत नाही. ओवी मात्र येते, पूर्ण, कुठे थांबायचं, कुठे उतरायचं त्यासकट, आणि ती तुमच्या आवाजात येते. काल सून बाजारात गेल्यावर मी ती बासरी बंद केली आणि तुम्ही सांगितलं होतं तशी, 'राजसा'वर दम घेऊन, म्हटली. चहाच्या वेळेला सुनेने मला हलवून उठवलं.